अंगठीच्या आतली खूण

१२ जानेवारी, रविवार

"लिहून ठेव," ताई म्हणाली. "मी लिहून ठेवलं असतं ना, तर इतकी वर्षं मला वेड्यात काढायची कुणाची छाती झाली नसती." ताईचा नवरा, म्हणजे आमचे दाजी, दोन संसार चालवत होते. घरी उशिरा येणं, फोन बंद असणं, या प्रत्येक गोष्टीचं त्यांच्याकडे उत्तर तयार असायचं आणि ताईला वाटायचं, आपलाच स्वभाव वाईट. शेवटी दुसऱ्या घरची बाईच दारात येऊन उभी राहिली. तेव्हापासून ताई आईकडे आणि माझ्याकडे राहते आणि माझ्या लग्नावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवते. ही वही तिनेच आणून दिली.

आज अंगठ्या पसंत केल्या. लग्न एप्रिलमध्ये. नोंदणी कार्यालयात सह्या करायच्या, एकमेकांना अंगठ्या घालायच्या आणि घरी येऊन जेवायचं, एवढाच बेत. त्यामुळे सगळी हौस त्या दोन अंगठ्यांवर येऊन बसली आहे.

मला बारीक नक्षी हवी होती. त्याने ट्रेमधली एकेक अंगठी उचलून डोळ्याला भिंग लावून बघितली. तो घड्याळं दुरुस्त करतो, भिंग खिशातच असतं. ताईने त्याचं नाव टिकटिक ठेवलंय आणि आता तेच माझ्याही तोंडात बसलंय. "नक्षीत मळ बसतो," टिकटिक म्हणाला. "साधी घेऊ. कडा गोल मारलेल्या. कशात अडकणार नाही, टोचणार नाही." सोनाराचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. त्याच्या सोन्याला मळ बसतो असं आजवर कुणी त्याच्या तोंडावर म्हटलं नसावं. मी थोडी घासाघीस केली आणि मग माझी नक्षी सोडून दिली. दोघांना अगदी सारख्या, साध्या, फक्त मापाचा फरक.

मापासाठी सोनाराने रिंगांचा जुडगा काढला. माझं बोट एका झटक्यात झालं. टिकटिकचं माप मात्र दोनदा घेतलं आणि मग त्याचा पंजा हातात धरून तो बघतच बसला.

"काय झालं काका?" मी विचारलं.

"काही नाही. हात चांगला भरलेला आहे. घड्याळवाल्याचा वाटत नाही."

म्हणजे सोनं जास्त लागणार, हे सांगायची ही गोड पद्धत. मला काय कळत नाही? कपड्यांच्या दुकानात ट्रायल रूमच्या दाराशी उभी राहून मी म्हातारी व्हायला आले. कोण किती कपडे घेऊन आत जातं आणि आपल्या कपड्यांखाली काय चढवून बाहेर येतं, ते बघण्याचाच मला पगार मिळतो. टिकटिक मला फौजदार म्हणतो. आज गंमत म्हणून त्याने त्याचं एक जुनं भिंगही मला देऊन टाकलं. "फौजदाराकडे हे हवंच," म्हणाला.

निघताना त्याने खिशातून गोळी काढली आणि पाण्याशिवायच गिळली. डोकं दुखतंय म्हणे. पट्टीतल्या निम्म्या गोळ्या आधीच संपलेल्या होत्या. हे मला आजवर बोलला नव्हता.

९ फेब्रुवारी, रविवार

अंगठ्या आल्या. माझी बसली. त्याची पेरावर अडकली.

सोनार म्हणतो, माप बरोबर होतं. टिकटिक म्हणतो, माझं बोट तेच आहे. दोघांपैकी एक जण खोटं बोलतोय आणि दोघेही सभ्य चेहरा करून बसलेत. शेवटी सोनाराने अंगठी दांडीवर चढवून हळूहळू ठोकून वाढवून दिली. मी समोर उभी राहिले, नजर हलवली नाही. आता ती बोटात अलगद जाते, किंचित सैलच.

लग्नापर्यंत ज्याची त्याने वापरायची असं ठरलं. बोटाला सवय होऊ दे, असं त्याचंच म्हणणं. पण दोन्ही अंगठ्या आजच्या दिवस मी घरी आणल्या, आईला दाखवायला म्हणून. खरं कारण वेगळं.

दाजींनी लग्नातली अंगठी त्या दुसऱ्या बाईला दिली होती आणि हुबेहूब तशीच पितळेची बनवून बोटात घालून फिरत होते. ताईने ती रोज बघितली, कधी हात लावून बघितली नाही. आमच्या दुकानात महागड्या कपड्यांच्या आतल्या शिवणीत मी हिरव्या दोऱ्याचा एक टाका घालून ठेवते. कुणी अदलाबदल करून हलका कपडा परत ठेवला की टाका सापडत नाही आणि बाई सापडते. तर मी भिंग लावलं, सुई घेतली आणि त्याच्या अंगठीत आतल्या बाजूने एक बारीक तिरकी रेघ ओढली. बोट घातलं की दिसायची नाही. भिंगाशिवाय तर नाहीच नाही.

हे करताना मला स्वतःची थोडी लाज वाटली. पण ताईकडे बघितलं आणि गेली.

२ मार्च, रविवार

नवे बूट. विचारलं तर म्हणे जुने आकसले. बूट काय लोकरीचे असतात?

ताई म्हणाली, दाजींचंही असंच सुरू झालं होतं. आधी बूट, मग अत्तर. अत्तराचा अजून पत्ता नाही. उलट टिकटिकला घाम इतका येतो की शर्ट पाठीला चिकटलेला असतो. हवेत अजून गारवा आहे. कशाचा घाम येतो माणसाला थंडीत? खोटं बोलण्याचा.

१८ मार्च, मंगळवार

आज फारच झालं.

संध्याकाळी सुटल्यावर मी औषधाच्या दुकानाच्या पायरीवर त्याची वाट बघत होते. तो फुटपाथवरून येताना दिसला. मी हात केला. मुद्दाम हाक मारली नाही, बघायचं होतं. तो माझ्या बाजूने इतक्या जवळून गेला की बाहीला बाही लागली असती. मान वळवली नाही, डोळा हलला नाही. पुढे डावीकडून आलेल्या सायकलवाल्याला धडकता धडकता वाचला, त्याच्या शिव्याही खाल्ल्या. मग मी मागून जाऊन खांद्यावर थाप मारली, तर दचकला.

"तू इथे? कधी आलीस?"

"तुझ्या शेजारीच उभी होते."

"दिसली नाहीस."

"एवढी धिप्पाड बाई दिसली नाही?"

"खरंच गं. कसल्या तरी विचारात असेन."

कसल्या की कुणाच्या? नंतर चहाला बसलो, तर कोपराशी ठेवलेला कप त्याने सरळ उडवला. सगळा चहा माझ्या मांडीवर. माझी नजर चुकवायच्या नादात त्याला समोरचा कप दिसला नाही. दुकानात चोरी करणाऱ्या बायकांचंही असंच होतं. सगळं लक्ष माझ्याकडे असतं आणि हँगर खाली पडतो.

२९ मार्च, शनिवार

आईचं घड्याळ बंद पडलं होतं. नखाएवढी तबकडी असलेलं, तिच्या नोकरीच्या पहिल्या दिवसांतलं. मी पंधरवड्यापूर्वी टिकटिककडे दिलं. "मीच करतोय, नाजूक आहे, वेळ लागेल," असं तो रोज सांगत होता.

आज जेवणाच्या सुट्टीत न सांगता गेले. त्याचं दुकान म्हणजे जिन्याखालची खोली. आत एक टेबल, एक दिवा आणि दोन माणसं मावतात, तो आणि त्याचा भागीदार. टेबलाशी दिव्याखाली भागीदार बसला होता आणि त्याच्या चिमट्यात आईचं घड्याळ. टिकटिक बाहेरच्या फळीपाशी उभा राहून कुणाच्या तरी मनगटाला पट्टा बसवत होता. पट्ट्याचा चिमुकला आकडाही त्याच्या बोटांतून दोनदा निसटला.

"वहिनी, तुम्ही?" भागीदार असा उठला की स्टूल पडलं. "बसा ना, बसा."

"घड्याळ तू करणार होतास," मी टिकटिकला म्हटलं.

"हो, म्हणजे मीच उघडलं होतं. आता जरा बाहेरची कामं मी बघतो."

"कधीपासून?"

तो पुन्हा पट्ट्याशी झटायला लागला. परत निघाले तर भागीदार जिन्यापर्यंत मागे आला. "वहिनी, त्याला काही बोलू नका हं."

"कशाबद्दल?"

"कशाबद्दलच नाही."

म्हणजे भागीदारही सामील आहे. आत कुठेतरी पाणी मुरतंय, एवढं तर आता आंधळ्यालाही दिसेल.

५ एप्रिल, शनिवार

त्याने लग्न पुढे ढकललं.

ऑगस्टमध्ये करू म्हणतो. घर नीट लावू, कामाची घडी बसू दे. कामाची घडी बसलेलीच होती की! मी विचारलं, दुसरं कुणी आहे का? तो म्हणाला, "मला दुसरं कोण असणार?" हे काही उत्तर नव्हे. दाजीही असंच प्रश्नाला प्रश्न करायचे.

आई चहा टाकायला उठली. ताई म्हणाली, "झालं. आता तरी डोळे उघड." मी खोलीत जाऊन रडले. अंगठी काढून टेबलावर ठेवली आणि थोड्या वेळाने परत घातली.

खरं लिहायचं तर मला तो फार आवडतो. बंद पडलेलं घड्याळ तो कानाशी धरतो आणि ओठ जरासे उघडे ठेवून ऐकतो, तसाच मी बोलत असते तेव्हाही ऐकतो. असं मला कुणीच ऐकलेलं नाही. म्हणूनच तर भीती वाटते. ताईलाही दाजी आवडायचे.

१८ मे, रविवार

त्याच्या आईकडे गेले होते. होणाऱ्या सासूबाई मोकळ्या स्वभावाच्या आहेत, विचारलं नाही तरी सांगतात. टिकटिक हल्ली इतका घोरतो की शेजारी भिंतीवर थापा मारतात. आवाजही जाड झालाय. टोपी घालायचा, ती आता डोक्यावर बसत नाही म्हणून टाकून दिली. "लग्नाच्या आधीच सुटलाय," असं म्हणून हसल्या. तो सुटलेला नाही. पोट आहे तसंच आहे, पँट आहे तीच आहे.

मग त्यांनी चार वर्षांपूर्वीचा फोटो दाखवला. मी बघतच राहिले. त्यातला माणूस चांगला दिसत होता, पण तो टिकटिक नव्हता. नाक बारीक, हनुवटी निमुळती, दात एकाला एक लागलेले. टिकटिकच्या पुढच्या दातांत फट आहे, जबडा रुंद आहे, भुवयांवरचं हाड पुढे आलंय.

"हा कोण?" मी विचारलं.

"अगं, कोण काय? तुझाच नवरा की!"

"भाऊ नाही ना याला कुणी?"

सासूबाईंना ती थट्टा वाटली. मी थट्टा करत नव्हते. वय झालं की चेहरा भरतो, असं त्या म्हणाल्या. गाल भरतात, मान्य. हनुवटी कुठे वाढते? घरी येऊन ताईला सांगितलं, तर ती पहिल्यांदाच माझ्याकडे काळजीने बघायला लागली. "आता जरा अति होतंय हं," म्हणाली. हे मला ताई म्हणतेय!

आणखी एक. जेवायला टिकटिकही आला होता. भांडी घासायला अंगठी काढली आणि धरायला त्याच्याकडे दिली. तो आतल्या खोलीत गेला, बराच वेळ आला नाही आणि आल्यावर अंगठी माझ्या हातावर ठेवली. घरी आल्यावर विचार केला, ही माझीच कशावरून? पण मी खूण त्याच्या अंगठीत केली होती. माझ्यात करायचं सुचलंच नव्हतं.

६ जुलै, रविवार

बोटात अंगठी नाही.

"घरी राहिली," म्हणाला. गेल्या रविवारीही घरीच राहिली होती. त्याच्या आधीचं मला आठवत नाही, म्हणजे मी एवढे डोळे लावून बसूनही माझं लक्ष चुकलं.

"उद्या घेऊन ये."

"आणतो."

"आणि माझ्यासमोर घाल."

तो उठून खिडकीशी गेला. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं. पाठमोरा असताना त्याचे खांदे किती रुंद दिसतात ते मला आज जाणवलं. "फौजदार," तो म्हणाला, "तुला हे लग्न मोडायचं असलं तर सरळ सांग. मी वाईट वाटून घेणार नाही." हे त्याने अशा आवाजात म्हटलं की क्षणभर मलाच वाटलं, दोष माझा आहे. मग आठवलं, ताईलाही असंच वाटायचं.

७ जुलै, सोमवार

अंगठी आणली. घालायला लावली. पेराच्या अलीकडेच अडकली, पुढे सरकेना. साबण लावला, तरी नाही. त्याने इतका जोर केला की बोट लाल झालं आणि मीच म्हटलं, पुरे.

सोनाराने माझ्या डोळ्यांदेखत वाढवलेली अंगठी त्याला सैल होत होती. अंगठी काही आकसत नाही. मग ही ती नाहीच. खरी कुठेतरी दुसऱ्या बोटात आहे आणि ही घाईत बनवलेली, तीही माप चुकवून. मी त्याला तसं तोंडावर म्हटलं नाही. "राहू दे माझ्याकडे, सोनाराला दाखवते," एवढंच म्हटलं. तो हो म्हणाला. त्याला काहीच कसं वाटलं नाही? ताई म्हणते, सराईत माणसाला काही वाटत नसतं.

अंगठी माझ्या पर्समध्ये आहे. भिंग शोधून ठेवलंय. उद्या सुट्टी आहे, उद्या उन्हात बघेन. रेघ नसणार हे मला माहीत आहे, पण माहीत असणं वेगळं.

८ जुलै, मंगळवार

रेघ आहे.

खिडकीत उन्हात बसून बघितलं. मग भिंग पुसलं आणि परत बघितलं. माझीच तिरकी रेघ, सुरुवातीला जाड, शेवटी सुई घसरली होती तिथे शेपटी फुटलेली. अशी रेघ दुसरं कुणी काढूच शकत नाही. अंगठी तीच आहे.

मला आनंद व्हायला हवा होता. मी आईला हाक मारायला तोंडही उघडलं होतं. मग ते तसंच राहिलं. अंगठी तीच आहे, सोनारही खोटं बोलला नव्हता आणि तोही नाही. मग बदललं काय?

मी ही वही पहिल्यापासून वाचली. अंगठी. बूट. टोपी. पट्ट्याचा आकडा हातातून निसटणं. दातांतली फट. फोटोतली हनुवटी. घाम, गोळ्या, घोरणं, आवाज. बाजूला उभी असताना मी न दिसणं. सायकल. कोपराशी ठेवलेला कप.

त्याने कुणालाही काहीही दिलेलं नाही. तो माझ्या डोळ्यांसमोर मोठा होत चाललाय. लहान मूल वाढतं तसा. आणि मी प्रत्येक गोष्ट बघितली, तारीख घालून लिहिली आणि एकदाही त्याला विचारलं नाही की तुला बरं नाही का.

त्याच्या दुकानात जाते.

१० जुलै, गुरुवार

आमच्या गल्लीतल्या डॉक्टरीणबाईंकडे त्याला ओढत नेलं. तो दारापर्यंत म्हणत होता, काही नाही, वय होतंय. बाईंनी त्याचे पंजे उलटसुलट करून बघितले, जीभ काढायला लावली. मग त्याला 'माझ्या नाकाकडे बघा' असं सांगून स्वतःचे दोन्ही हात दोन बाजूंना धरले आणि बोटं हलवली. "दिसली की सांगा," म्हणाल्या. बोटं कधीची हलत होती. तो गप्पच. मी भिंतीला टेकून उभी होते, मला ती सगळी दिसत होती.

"हे कधीपासून?" बाईंनी विचारलं.

"असेल महिनाभर," टिकटिक म्हणाला.

"महिन्याभरात एवढं होत नाही. नीट आठवा. कुणालाच आठवत नाही म्हणा, हळूहळू होतं ना हे."

मी पर्समधून वही काढली. वाचायला सुरुवात केली. बाईंनी पेन उचललं. डोकेदुखी, गोळ्यांची पट्टी. बूट. घाम. तिथे मी थांबले.

"वाचा, वाचा. घामाचं काय?"

"'कशाचा घाम येतो माणसाला थंडीत?'"

"बरोबर. पुढे?"

"'खोटं बोलण्याचा,'" मी वाचलं.

टिकटिकने मान खाली घातली. डॉक्टरीणबाईंनी एकदा त्याच्याकडे, एकदा माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "पुढच्या तारखेचं वाचा." मी वाचत गेले. माझ्याच तोंडून माझेच शब्द ऐकताना जीव नकोसा झाला. फक्त नऊ फेब्रुवारीचं पान दोन बोटांत धरून मघाशीच उलटलं होतं. अंगठी अडकल्याचं तेवढं तोंडी सांगितलं, बाकी त्यात आजाराचं काही नव्हतं.

बाईंनी मोठ्या इस्पितळाला चिठ्ठी दिली. मेंदूच्या तळाशी एक छोटी ग्रंथी असते, तिच्यात गाठ असावी असा त्यांना दाट संशय आहे. संशय हा शब्द त्यांनीच वापरला. त्याच गाठीमुळे शरीर वाढत राहतं आणि तीच डोळ्यांच्या नसांवर दाबून बसते. उशीर केला तर समोरचंही दिसायचं थांबेल.

बाहेर पडलो. मी त्याच्या समोर, जरा पुढे, त्याला दिसेन अशी चालत होते.

"सगळं लिहिलंस?" त्याने विचारलं.

"हो."

"भागीदाराचंसुद्धा?"

"तो तुला सामील आहे असं वाटत होतं मला."

"सामीलच होता की. माझी कामं करायचा आणि कुणाला सांगायचा नाही." मग थांबून म्हणाला, "चिमट्यात स्क्रू राहत नव्हता गं. बोटं कुणा दुसऱ्याचीच लावल्यासारखी झाली होती. मला वाटलं, हात सुधारले की लग्न करू. घड्याळ न जमणारा घड्याळवाला तू कशाला गळ्यात बांधून घेशील?"

"म्हणजे लपवत होतास."

"लपवतच होतो. तुझा संशय काही चुकीचा नव्हता."

असं म्हणून त्याने मला सोडवायचा प्रयत्न केला. ते मला जास्त लागलं.

३ ऑगस्ट, रविवार

गाठ आहे. उद्या ऑपरेशन, नाकातून करणार आहेत. याच आठवड्यात आमच्या सह्या व्हायच्या होत्या. सर्जन म्हणाले, वाढलेली हाडं मागे जाणार नाहीत, सूज मात्र उतरेल. नजरेचं ते काही कबूल करत नाहीत. बघू म्हणतात.

दुपारी भेटायच्या वेळेत गेले. ताईही आली होती. तिने त्याच्यासाठी संत्री आणली होती आणि त्याच्याशी कधी नव्हे ते प्रेमाने बोलली. मग बाहेर बाकावर जाऊन रडत बसली. मी आत राहिले.

"अंगठी कुठाय माझी?" त्याने विचारलं.

मी पर्समधून काढून दिली. त्याने ती दिव्याकडे धरली आणि हसला. "एक सांगू? तुझी खूण मी पहिल्याच दिवशी बघितली होती."

मी पर्सची चेन लावता लावता थांबले.

"अगं, मी हातात येईल ते भिंगाखाली घालतो. अंगठी नाही घालणार? आम्ही घड्याळ दुरुस्त केलं की झाकणाच्या आत बारीक खूण करतो. गिऱ्हाइकाला ती कधी दिसत नाही. पण पुढे ते घड्याळ कुणीही उघडलं तरी कळतं, हे माझ्या हातून गेलंय, याची जबाबदारी माझी आहे. माझ्या दुकानात बसून बसून तू तेच केलंस. तोंडाने काही बोलली नाहीस. मला इतकं बरं वाटलं होतं!"

मी ताईने आणलेली संत्री उगाच रचून ठेवली.

"मीपण केली मग," तो म्हणाला. "तुझ्यात. आईकडे भांडी घासत होतीस तेव्हा. हात ऐकत नव्हता, तीनदा घसरला, म्हणून वेळ लागला. बघितली नाहीस का अजून?"

मी बोटातली अंगठी काढली. उशाजवळ त्याचं भिंग होतं, ते डोळ्याला लावलं. आत रेघ होती. माझ्या रेघेसारखीच तिरकी काढायला गेलेली, मध्येच हललेली, पुन्हा सावरलेली. दुसऱ्याचं सगळं तपासत बसले आणि माझ्या बोटातली अंगठी मी मे महिन्यापासून उलटून बघितली नव्हती.

मला गप्प राहता आलं असतं. त्याचा समज किती चांगला होता, माझ्यापेक्षा कितीतरी चांगला. उद्या त्याचं ऑपरेशन. पण तो मनात काही न ठेवता माझ्याकडे बघत होता आणि मला ते बघवेना. मी वही काढली, नऊ फेब्रुवारीचं पान उघडलं आणि त्याच्या समोर, अगदी समोर धरलं. दाजींची पितळेची अंगठी, हिरवा टाका, सुई, सगळं.

त्याने सावकाश वाचलं. वही मिटून माझ्या मांडीवर ठेवली. मग नर्स आली आणि भेटायची वेळ संपली म्हणाली.

"ताईंना घेऊन नीट जा," एवढंच तो बोलला.

७ ऑगस्ट, गुरुवार

आज पहिल्यांदा आत सोडलं. तीन दिवस बाहेरूनच 'ठीक आहे, ठीक आहे' ऐकत होते आणि माझा कुणाच्याही 'ठीक आहे'वर विश्वास बसत नव्हता.

तो उशाला टेकून समोरच्या भिंतीकडे बघत होता. नाकात बोळे, डोळ्यांखाली काळं. माझी चाहूल लागली नसावी. मी चप्पल दारात काढली आणि त्याच्या उजव्या बाजूला जाऊन उभी राहिले, त्या दिवशी औषधाच्या दुकानापाशी उभी होते त्याच बाजूला. हाक मारली नाही. हात वर केला आणि नुसती बोटं हलवली. पाच मोजले, दहा मोजले. तो भिंतीकडेच बघत होता. मी हात खाली घेतला आणि ओठ आवळून उभी राहिले, कारण त्याच्यासमोर रडायचं नाही असं ठरवून आले होते.

"अजून किती वेळ तपासणार आहेस, फौजदार?" तो म्हणाला. मान जराही वळवली नव्हती.

मग मात्र मी रडले. नर्स धावत आली आणि तिलाच वाटलं, काहीतरी वाईट झालंय. त्याने बोळ्यांतून बोलत तिला समजावलं की ही अशीच आहे. हात पुढे करून माझा हात धरला, कुठे आहे ते न चाचपडता.

जरा शांत झाल्यावर त्याने अंगठी मागितली, ऑपरेशनआधी नर्सने ती माझ्याकडे सोपवली होती. घालायला घेतली नाही, बोट अजून सुजलेलंच आहे. "सुई आहे का पर्समध्ये?"

सुई माझ्या पर्समध्ये नेहमीच असते, हिरव्या दोऱ्यासकट.

"त्या रेघेच्या शेजारी आणखी एक काढ," तो म्हणाला. "माझ्यासमोर."

"आत्ता?"

"आत्ता. मी बघतोय."

त्याने भिंग लावलं नाही, नुसता बघत राहिला. मी अंगठी चादरीवर धरून दुसरी रेघ काढली. ती जरा वाकडी आली.